कर्करोग संशोधिका डॉ. कमल रणदिवे

डॉ. कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. कन्येने वैद्यक शिकावे ही त्यांची इच्छा. कमलताईंनी मात्र रोगाच्या मुळाचा शोध घेणे पसंत केले. १९४९ मध्ये मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात करून त्या मायदेशी परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली.

उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगातील आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे परस्परसंबंध तपासले. १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी कुष्ठरुग्णापासून वेगळे केलेले जंतू पुढे कुष्ठरोगावरील लशीचा आधार ठरले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना 'पद्मभूषण' मिळाले. निवृत्तीनंतरही तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. परदेशी शिकलेल्या संशोधकांनी मायदेशी परतावे, असा त्यांचा आग्रह होता. तो त्यांनी आधी स्वतः आचरला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.