मामांचं हेरोकू

सॉफ्टवेअरच्या धंद्यात पन्नाशी ओलांडलेला माणूस म्हणजे पणजोबाच. त्या हिशेबाने माझे मामा आमच्या घरातले इतिहासपुरुष. त्यांचा इतिहास 2007 सालापासून सुरू होतो, त्याआधीचं सगळं अश्मयुग. अश्मयुगात वेबसाइट चालू करायची म्हणजे सर्व्हर मागवा, रॅकमध्ये बसवा, लिनक्स चढवा, डेटाबेस लावा, आणि रात्री दोनला फोन वाजला की उठा. मामांनी हे पुण्यात वर्षानुवर्षं केलंय. म्हणूनच ही सगळी कटकट स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या हेरोकूचं त्यांना एवढं अप्रूप.

जेम्स लिंडेनबॉम, अ‍ॅडम विगिन्स आणि ओरायन हेन्री या तिघांनी 2007 मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली. सुरुवातीला फक्त रुबी भाषेसाठी. ‘गिट पुश हेरोकू मास्टर’ एवढी एक ओळ टाइप करायची. कोड वर जायचा, त्याला लागणाऱ्या लायब्ररी तिकडेच गोळा व्हायच्या, सगळ्याचं मिळून एक ‘स्लग’ तयार व्हायचं आणि ते ‘डायनो’ नावाच्या कंटेनरमध्ये चालू व्हायचं. खालची यंत्रं अ‍ॅमेझॉनची, हेरोकूचं स्वतःचं डेटा सेंटर नव्हतंच. “मग विकत काय होते?” असं मी एकदा विचारलं. “आमची झोप,” मामा म्हणाले.

डिसेंबर 2010 मध्ये सेल्सफोर्सने हेरोकू 21 कोटी 20 लाख डॉलर रोख मोजून घ्यायचं जाहीर केलं. इथून पुढची गोष्ट बहुतेक लोक ‘बड्या कंपनीने गिळलं आणि संपवलं’ अशी एका दमात सांगतात. मामा चिडतात. कारण विक्रीनंतरचा काळच हेरोकूचा खरा बहराचा होता. 2011 मध्ये रुबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो तिथे रुजू झाले. त्याच वर्षी ‘सीडर’ ही हेरोकूची नवी रचना आली आणि रुबीखेरीज नोड, जावा, पायथनही चालू लागलं. विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ हे टिपण लिहिलं ते याच सुमाराला. क्लाउडवरचं अ‍ॅप कसं बांधावं याचे त्यातले बारा नियम आजही नव्या पोरांना शिकवले जातात, बऱ्याचदा हेरोकूचं नावही न घेता.

पहिला तडा मामा 2013 चा सांगतात. रॅप जीनियस या साइटने दाखवून दिलं, की हेरोकूचं राउटिंग येणारी रिक्वेस्ट मोकळा डायनो शोधून त्याच्याकडे देत नव्हतं, कुठल्याही डायनोकडे ढकलत होतं. एकीकडे रांग लागायची, शेजारचा रिकामा बसायचा. कागदोपत्री मात्र वेगळंच लिहिलेलं होतं. कंपनीने चूक कबूल केली, माफीही मागितली. त्याच वर्षी कंटेनर सगळ्यांच्या हाती देणारं डॉकर आलं, पुढच्या वर्षी त्यांचे ताफे सांभाळणारं कुबरनेटीस. संस्थापक एकेक करून बाहेर पडले.

आणि मग काही घडलंच नाही, हीच तर गोष्ट आहे. सेल्सफोर्सचा धंदा कंपन्यांच्या विक्री विभागांना सॉफ्टवेअर विकण्याचा. चार पोरांच्या स्टार्टअपची त्यांच्या हिशेबात किंमत किती असणार? पैसे येत राहिले, पण हेरोकूसाठी वरच्या मजल्यावर जाऊन भांडणारं कुणी उरलं नाही. पगडीच्या वाड्यासारखं झालं, असं मामा म्हणतात: भाडं येतंय, तर छप्पर कोण बघतो? साधा डायनो 512 एमबी मेमरीचा होता, तो तेवढाच राहिला. वेबवरच्या देवाणघेवाणीचं एचटीटीपी-2 हे प्रमाण 2015 चं. हेरोकूच्या राउटरपर्यंत ते पोचायला 2024 उजाडलं.

2022 हे साल मामांना तोंडपाठ आहे. एप्रिलमध्ये चोरट्यांनी हेरोकूला गिटहब या कोड ठेवायच्या साइटशी जोडणारे टोकन, म्हणजे किल्ल्याच, पळवले. ती जोडणी महिनाभराहून जास्त बंद राहिली. पासवर्डचे हॅशही गेल्याचं मे महिन्यात सांगण्यात आलं. ऑगस्टमध्ये घोषणा झाली, की फुकटच्या योजना बंद. कारण दिलं गैरवापराचं. 28 नोव्हेंबरपासून ते अमलात आलं. फुकटचा डायनो अर्धा तास कुणी फिरकलं नाही की झोपायचा आणि पुढच्या पाहुण्याला ताटकळत ठेवायचा, पण इंजिनिअरिंगच्या कितीतरी मुलांचे प्रोजेक्ट त्याच्यावर उभे होते.

मामांचा सगळा राग नोव्हेंबरवर आहे, माझा एप्रिलवर. फुकट देणं परवडत नाही असं दुकानदाराने म्हटलं तर त्यात फसवणूक कसली? पण किल्ल्या चोरीला गेल्यावर काय काय गेलं हे हप्त्या-हप्त्याने सांगायचं, हे मला जास्त गंभीर वाटतं. मामा मान हलवतात. त्यांचं म्हणणं असं, की फुकटच्या डायनोवर शिकलेली मुलंच पुढे नोकरीला लागून साहेबाला हेरोकू घ्यायला लावत. आता ती मुलं ‘रेंडर’, ‘रेल्वे’ अशा दुसऱ्या सेवांवर शिकतात. दहा वर्षांनी 512 एमबीसाठी महिना 25 डॉलर द्या, असं साहेबाला कोण सांगणार आहे?