तापलेल्या धावेचे गणित

देवबागची वाळू वैशाखात पाय ठेवू देत नाही. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली. मधल्या चिंचोळ्या पट्टीने दिवसा तापायचे नि रात्री निवायचे. तरी तिला तडा जात नाही, कारण कण सुटे आहेत. फुगावयास जागा आहे. काचही वाळूचीच होते. पण जाड पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो. आतला थर फुगू पाहतो, बाहेरचा गार थर त्यास आवरून धरतो. पेला मोडतो तो नुसत्या उष्णतेने नव्हे, फुगण्यास झालेल्या अटकावाने.

आमच्या लोहारास हे ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तो घेरापेक्षा किंचित आखूड करी, शेण्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धाव आवळे, पुट्ठे, आरे, तुंबा करकरत एकजीव होत. धाव फार आखूड झाली तर चाक बिघडे, सैल राहिली तर वाटेत निसटे. हे ‘किंचित’ म्हणजे किती, ते त्याचा डोळा सांगे.

त्या ‘किंचित’चे गणित पॅरिसमध्ये जन्मले. उष्णता पदार्थातून कशी वाहते, हे फूरिएने १८२२ साली समीकरणात बांधले होते. १८३५ साली द्युआमेलने तेथील विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध ठेवला. त्याची युक्ती विलक्षण साधी आहे : पदार्थाचा आकार एकंदर जितका बदलला, त्यातून उष्णतेने मोकळेपणी झाला असता तितका बदल वजा करा, उरेल त्याचाच ताण. १८४१ साली कोनिग्सबर्गच्या नॉयमानने असमान तापलेल्या काचेतील प्रकाशाचा अभ्यास करता करता स्वतंत्रपणे तेच सूत्र गाठले. पदार्थ तापला की ताणतो आणि ताणला की त्याचे तापमानही बदलते. ही दोन्ही अंगे बायोने १९५६ साली उष्मागतिकीच्या पायावर एकत्र मांडली.

महाराष्ट्रात या विद्येची पेठ नागपूर. वर्तुळाकार तबकडीतील औष्णिक ताणांवर पी. सी. वानखेडे यांचा निबंध १९८२ सालचा. नागपूर विद्यापीठाच्या एन. डब्ल्यू. खोब्रागडे व के. सी. देशमुख यांनी २००५ साली उष्णता पसरून दिलेल्या पातळ तबकडीचा प्रश्न सोडविला. अशा निबंधांतील तबकडी बहुधा कागदावरचीच असते, ही माझी एक तक्रार. परंतु तबकडी म्हणजे चाकाचीच भावंड. लोहाराचा प्रश्न त्यांच्या हाती आला, असे मला वाटते.

कुडाळावरून जाणारा कोकणचा लोहमार्ग १९९८ साली पुरा झाला. पूर्वी रुळांच्या तुकड्यांत फट ठेवीत. आता ते वेल्डने सलग जोडतात. तीस अंशांनी तापलेला मोकळा रूळ किलोमीटरमागे सुमारे ३५ सेंटिमीटर वाढेल. जखडला तर वाढ नाही, पण दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७०० किलोंचा दाब येतो. गंमत अशी की, हा दाब रूळ दहा मीटर असो वा दहा किलोमीटर, तितकाच राहतो. द्युआमेलच्या वजाबाकीत लांबी येतच नाही. म्हणून तर फटी काढणे शक्य झाले. मात्र खडी सैल असेल तर तोच दाब रुळास बाजूला फेकतो. रूळ जखडताना ना फार उष्ण, ना फार थंड असे तापमान निवडतात, आणि उन्हाळ्यात भर दुपारी मार्गावर गस्त घालतात.