मॉड्युलर किचन: थ्रीडी चित्रात काय दिसतं आणि काय दिसत नाही?

गेममधल्या घरात किचन बदलायला एक क्लिक पुरते. शटरचा रंग आवडला नाही, बदला. ओटा डावीकडे हवा, सरकवा. बदलापूर किंवा अंबरनाथमध्ये नव्या फ्लॅटचा ताबा घेतलेल्या कुटुंबाला शोरूममध्येही हल्ली असंच काहीसं दिसतं. विक्रेता लॅपटॉप उघडतो, माप टाकतो आणि काही मिनिटांत तुमचं किचन चकाचक होऊन स्क्रीनवर फिरायला लागतं.

फरक एवढाच की गेममधली चूक 'अनडू' करता येते. गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असताना बसवलेलं किचन मात्र दहा-पंधरा वर्षं वापरायचं असतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी हे चित्र कसं वाचायचं, ते समजून घेऊ.

आभासी घरात किचन कसं निवडतात?

'द सिम्स ४' या गेमची मूळ आवृत्ती ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. त्यात कपाटं एकमेकांना लावली की कोपऱ्याचा तुकडा आपोआप जुळतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात लोक खऱ्या पैशांतून घेतलेल्या 'लिंडन डॉलर'मध्ये फर्निचर विकत घेतात. तिथले सराईत खरेदीदार तीन गोष्टी पाहतात.

पहिली, त्या वस्तूचा जमिनीवर पडणारा भार. प्रत्येक जागेत किती वस्तू मावतील याला मर्यादा असते आणि दिसायला भारी किचन त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतं. दुसरी, परवानग्या. वस्तूची नक्कल करता येईल का, तिच्यात बदल करता येईल का, ती दुसऱ्याला देता येईल का, हे आधीच लिहिलेलं असतं. तिसरी, डेमो. पैसे देण्याआधी नमुना आपल्या घरात ठेवून पाहायचा.

थोडक्यात: जागेचं गणित, अटी लेखी आणि आधी चाचणी. खऱ्या किचनलाही हे तीनही नियम लागू पडतात. पण खऱ्या किचनमध्ये ओल, वजन आणि वाफ असते. त्यांचा विचार शोरूमच्या चित्रात केलेला नसतो.

मॉड्युलर किचन आलं कुठून?

ठरावीक मापाचे सुटे खण जोडून किचन करायची कल्पना जुनी आहे आणि ती आली छोट्या घरांमुळे. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार महिलेने जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं, म्हणजे साधारण सव्वासहा बाय अकरा फुटांचं किचन आखलं. बाईला कमीत कमी पावलं चालावी लागावीत, हा त्यामागचा हेतू होता. अशी सुमारे १० हजार किचन तिथे बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचा हा पूर्वज मानला जातो.

आपल्याकडे ते आधी 'ट्रॉल्या' म्हणून आलं. बिल्डरने दिलेल्या ओट्याखाली स्टीलच्या जाळ्या सरकवायच्या आणि पुढे शटर लावायचं. आजही अनेक घरांत 'मॉड्युलर' म्हणतात ते हेच.

पहिली अडचण: माप

ब्रोशरवरचं माप आणि प्लास्टर, टाइल्स झाल्यावरचं माप यांत फरक पडतो. भिंती नेहमी काटकोनात असतातच असं नाही. म्हणून ब्रोशरच्या आकड्यांवर केलेलं थ्रीडी हे फक्त अंदाजाचं चित्र समजावं. अंतिम डिझाइन प्रत्यक्ष फ्लॅटमध्ये टेप लावूनच व्हायला हवं.

एक उदाहरण घ्या. किचनची रुंदी सात फूट आहे आणि विक्रेता दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन-दोन फूट खोलीचे ओटे सुचवतो. मधे उरले तीन फूट, म्हणजे ३६ इंच. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की साधारण २० इंच जातात. उरले १६ इंच. त्यात खाली वाकून कुकर काढणारा माणूस उभा करून पाहा. समोरचाही ड्रॉवर उघडला तर दोन्ही एकमेकांवर आपटतील. चित्रात सगळे ड्रॉवर बंद असतात, त्यामुळे ही अडचण दिसतच नाही. विक्रेत्याला सगळे ड्रॉवर, शटर आणि फ्रीजचं दार उघडं असलेलं चित्र दाखवायला सांगा.

ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच ठेवतात. पण घरात पोळ्या लाटणारी व्यक्ती पाच फुटांची असेल तर पावणेसहा फुटांच्या डिझायनरच्या अंदाजाने उंची ठरवू नये. वरच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीपर्यंत तिचा हात पोहोचतो का, तेही पाहावं.

दुसरी अडचण: पाणी

या पट्ट्यातल्या किचनची खरी परीक्षा पाणी घेतं, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

एक बाजू टंचाईची. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं आहे. उंची वाढवल्यानंतर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. आता त्याची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. एमआयडीसी त्यातून कारखान्यांबरोबरच उल्हासनगरसारख्या शहरांनाही पाणी देते. अंबरनाथ-बदलापूरमधला पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. धरण भरलेलं असलं तरी अनेक भागांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं. जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की एक दिवस पुरवठा बंद राहतो.

म्हणून इथल्या किचनमध्ये पिंप, कळशी किंवा २० लिटरचा जार असतोच. थ्रीडी चित्रात तो कधीच नसतो. ५० लिटरचं पिंप भरलं की पाण्याचंच वजन ५० किलो. ते ट्रॉलीत किंवा कपाटाच्या तळफळीवर ठेवलं तर चॅनल वाकतील, फळी बसेल. पिंपासाठी सिंकजवळ थेट लादीवर, खण न करता मोकळी जागा सोडायला सांगा. तिथे पाणी सांडणारच, त्यामुळे दोन्ही बाजूंचे खण ओल सोसणारे हवेत.

दुसरी बाजू पुराची. २६ जुलै २००५ चा पूर उल्हास नदीकाठच्या लोकांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटी, हेलिकॉप्टरच्या मदतीने सुखरूप बाहेर काढावं लागलं होतं. नदीजवळच्या सखल भागात तळमजल्यावर फ्लॅट असेल तर किचन निवडताना सगळ्यात आधी विचार याचा करावा. शटरच्या रंगाचं नंतर बघता येईल.

कोणतं मटेरियल कुठे चालतं?

पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ: स्वस्त आणि गुळगुळीत. पण पाणी शिरलं की फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. सिंकखाली नकोच.

एचडीएचएमआर: दाट दाबलेला, दमटपणा सोसणारा बोर्ड. पावसाळी हवेला टिकतो, पण पाण्यात बुडून राहण्यासाठी तो केलेला नाही. शटर आणि वरच्या कपाटांसाठी ठीक.

बीडब्ल्यूपी प्लाय: यालाच लोक मरीन प्लाय म्हणतात. याचं भारतीय मानक आयएस ७१०. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. खालच्या खणांसाठी, विशेषतः सिंकखाली, हा योग्य. फळीवर 'आयएस ७१०' असा शिक्का आणि आयएसआय चिन्ह आहे का, हे कापण्याआधी पाहा. लॅमिनेट चढल्यावर आतला प्लाय कोणता, हे ओळखता येत नाही.

पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी: पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. पण शेगडीच्या उष्णतेजवळ पीव्हीसी जपून. स्क्रू नीट धरतो का, हे विचारून घ्या.

स्टेनलेस स्टील: जाळ्या आणि चॅनलसाठी ३०४ ग्रेडला गंज कमी लागतो. २०२ ग्रेड स्वस्त पडतो, पण ओलसर जागी लवकर डागाळतो. दोन्ही दिसायला सारखेच, चित्रात तर हमखास.

फळीच्या कापलेल्या कडांवर पट्टी नीट चिकटवलेली असावी. चांगला बोर्डही फुगतो तो बहुधा उघड्या कडेतून किंवा पाइपसाठी पाडलेल्या भोकातून.

ओट्याखाली ट्रॉल्या की पूर्ण मॉड्युलर?

बिल्डरचा ओटा बहुतेक वेळा कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर ग्रॅनाइट टाकून केलेला असतो. पूर्ण मॉड्युलर करताना तो तोडून त्याजागी प्लायचे खोके बसवतात. दिसायला हे एकसंध दिसतं, जागाही थोडी जास्त मिळते.

पण कडप्पा पाण्याने फुगत नाही. तळमजल्यावर किंवा पाणी तुंबणाऱ्या भागात जुना ओटा ठेवून त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि पीव्हीसीची शटर लावली तर पाणी येऊन गेल्यावर धुऊन-पुसून बरंचसं किचन परत वापरता येतं. प्लायचे खोके असतील तर ते पायांवर जमिनीपासून किमान चार इंच उचललेले असावेत आणि पुढची पट्टी काढता यायला हवी, म्हणजे खाली साचलेलं पाणी पुसता येईल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे, कारण गळती सिंकखालूनच सुरू होते.

गॅस आणि वीज

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. म्हणून सिलेंडरच्या खणाला तळाशी जाळी किंवा झरोके हवेत आणि १४.२ किलोचा सिलेंडर आत-बाहेर करता यायला हवा. पाइप गॅस असेल तर मीटर आणि वॉल्व्ह कपाटाच्या मागे बंद होऊ नयेत. मिक्सर, मायक्रोवेव्ह, प्युरिफायर आणि फ्रीज यांचे प्लग पॉइंट डिझाइनसोबतच ठरवा. लॅमिनेट चढल्यावर भिंत फोडणं महागात पडतं.

कोटेशन कसं वाचायचं?

भावाची तुलना करताना गोंधळ होतो तो एककामुळे. समजा, ओटा दहा फूट लांब आणि खालचा भाग अडीच फूट उंच आहे. एक विक्रेता 'रनिंग फुटाला २,५०० रुपये' सांगतो, दुसरा 'स्क्वेअर फुटाला १,०००'. पहिल्याचे झाले २५ हजार. दुसऱ्याचे २५ चौरस फुटांचे तेवढेच २५ हजार. म्हणजे हजाराचा भाव स्वस्त नाही. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत.

उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये फिरताना किंवा मोठ्या ब्रँडच्या शोरूममध्ये बसताना कोटेशनवर या गोष्टी लेखी घ्या:

– खोका, शटर आणि मागची फळी यांचं मटेरियल, जाडी आणि ग्रेड वेगवेगळं
– बिजागऱ्या, चॅनल आणि जाळ्यांचा ब्रँड, ग्रेड आणि संख्या
– भावात जीएसटी, वाहतूक, जुना ओटा तोडणं आणि राडारोडा उचलणं धरलं आहे का
– थ्रीडीतले दिवे, ग्लास, चिमणी, हॉब यांपैकी काय किमतीत येतं आणि काय फक्त सजावटीसाठी दाखवलं आहे
– वॉरंटी कशावर आणि पाण्याने झालेलं नुकसान त्यात बसतं का
– कामाची तारीख आणि पैशांचे टप्पे. शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावरच

थ्रीडी चित्राची प्रिंट मापांसह कोटेशनला जोडून दोघांच्या सह्या घ्या. म्हणजे त्या चित्राला काही अर्थ राहतो.

ठरलं एक आणि बसवलं दुसरं तर?

आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि फोटो ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. तिथे पक्कं बिल आणि सही केलेलं कोटेशन कामाला येतं. तोंडी आश्वासन सिद्ध करणं अवघड जातं.

मग थ्रीडीचा उपयोग काय?

भरपूर आहे, फक्त क्रम उलटा हवा. शोरूममध्ये जाण्याआधी 'स्वीट होम थ्रीडी'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपल्या फ्लॅटची मोजलेली मापं टाका. फ्रीज, पिंप, सिलेंडर, डब्यांची मांडणी हे सगळं खऱ्या मापाने ठेवून पाहा. मग तेच माप रिकाम्या किचनच्या लादीवर खडूने आखा आणि चहा करायची नुसती नक्कल करा. फ्रीजमधून दूध काढा, सिंककडे वळा, शेगडीपाशी या. कुठे धडकायला होतं ते दोन मिनिटांत कळेल. सेकंड लाइफमधल्या डेमोसारखीच ही चाचणी, फक्त खडूच्या खर्चात.