कामावर जाणे-येणे व सामाजिक वंचितता (मानोरा तालुका)

घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या रोजच्या किंवा हंगामी प्रवासाचा दारिद्र्याशी असलेला संबंध. वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याला रेल्वे नाही. अकोला–पूर्णा मार्ग वाशीमवरून जातो. कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला धावणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ बंद पडली. सारा भार एसटी, काळी-पिवळी, ॲपे आणि मोटारसायकलीवर आहे.

शेतमजुराचा प्रवास मात्र आकडेवारीत सापडत नाही. 2011 च्या जनगणनेतील कामाच्या प्रवासाचा तक्ता ‘इतर कामगारां’पुरता आहे, शेतकरी व शेतमजूर त्यात नाहीत. कापूस, सोयाबीन, तुरीच्या या तालुक्यात त्यामुळे राबणाऱ्यांचा मोठा भागच मोजणीबाहेर राहतो, आणि सर्वांत गरीब त्यातच आहेत. निंदण, सोंगणी, वेचणीला बाया जवळच्या शेतावर पायी जातात, लांबच्या शेतावर मालवाहू गाडीत दाटीवाटीने उभ्या राहून. वाटेतल्या वेळेची मजुरी सहसा मिळत नाही. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने 5 किलोमीटरपलीकडच्या कामाला 10 टक्के जादा मजुरी ठरवली. खासगी शेतावर तसा हक्क नाही.

तालुक्यात बंजारा वस्ती मोठी आहे. समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी इथलेच. तांडे बहुधा गावापासून अलग वसलेले, म्हणून फाट्यापर्यंतची पायपीट आधी येते, गाडी नंतर. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांचे स्थलांतरही इथे कामाचा प्रवासच मानले पाहिजे. त्यात मुलांची शाळा मध्येच सुटते.

ब्रिटनमध्ये पीटर टाउनसेंड यांच्या 1988 च्या निर्देशांकात घरी मोटार नसणे ही वंचिततेची एक खूण होती. मोटार मुळातच थोड्यांकडे असलेल्या मानोऱ्यात ती खूण फारसे काही सांगत नाही. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक सायकल व मोटारसायकल मालमत्तेत धरतो. पण तो मोजतो घराला, आणि घरातली मोटारसायकल बहुतेकदा पुरुषाच्या हाती असते. दारात गाडी असूनही बाई शेतावर चालतच जाते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले. बाजार, दवाखाना, तालुक्याच्या कचेरीसाठी ही मोठी सोय आहे. शेतमजूर बाईला कामासाठी तिचा उपयोग मात्र शेताच्या वाटेवर आणि शेताच्या वेळेला बस असेल तिथेच होतो.