दौहृद आणि दंतरेषा

गर्भिणीच्या मनःस्थितीचा ठसा अपत्याच्या शरीरावर उमटतो, ही कल्पना मराठीने ‘डोहाळा’ या शब्दात जपून ठेविली आहे. ‘दोहद’ हे रूप संस्कृत काव्यात सर्वत्र आढळत असले तरी त्याची घडण प्राकृताची आहे. ‘हृद्’ शब्दाशी निगडित असलेले मूळ रूप बोलण्यात झिजले आणि ते झिजलेले नाणेच पुढे संस्कृतातही चालू लागले, हे मत आता बहुतेकांस मान्य आहे. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९२० मध्ये भारतीय कथावाङ्मयातील दोहदाचा विस्तृत परामर्श घेतला. परंतु त्यांचा रोख कथाबंधावर होता. वैद्यकाचा धागा निराळाच आहे.

सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व स्त्री द्विहृदया, म्हणून ‘दौहृदिनी’, होते असे सांगितले आहे. तिच्या इच्छेची अवहेलना झाल्यास मूल कुबडे, लंगडे, मतिमंद वा नेत्रहीन होते, असेही तेथे म्हटले आहे. या यादीत दातांचा उल्लेख नाही, आणि त्याला कारण आहे. त्याच अध्यायात गर्भाच्या अवयवांची वाटणी केली आहे. मांस, रक्त, हृदय हे मातेकडून. केस, नखे, अस्थी आणि दात हे पित्याकडून. कठीण ते पित्याचे, मृदू ते मातेचे! दातावर मातेच्या मनाचा लेख उमटेल, ही शंकाही या व्यवस्थेत संभवत नव्हती.

तो लेख वाचण्याची साधने फार उशिरा आली. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ रेट्झिअस यांनी १८३७ मध्ये इनॅमलमधील वाढीच्या रेषांचे वर्णन केले. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्या थराथराने पडतात. जन्माच्या सुमारास पडणाऱ्या ठळक रेषेचा सविस्तर विचार आयझॅक शौर यांनी १९३६ मध्ये केला. दुधाच्या दातांचे इनॅमल गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्यापासून घट्ट होऊ लागते, आणि एकदा घडल्यावर ते हाडाप्रमाणे पुन्हा घडत नाही. (चौथ्या महिन्याचा सुश्रुताशी जुळणारा हा आकडा केवळ योगायोग समजावा.)

२०२१ मध्ये एरिन डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील ७० मुलांचे पडलेले सुळे तपासले. १९९१-९२ च्या सुमारास सुरू झालेल्या एका दीर्घकालीन पाहणीतील ही मुले. ज्या मातांना पूर्वी तीव्र नैराश्य आले होते, किंवा गर्भारपणाच्या ३२ व्या आठवड्यात नैराश्य वा चिंता होती, त्यांच्या मुलांच्या दातांतील जन्मरेषा अधिक रुंद आढळली. प्रसूतीनंतर लवकरच ज्यांना आप्तेष्टांचा भक्कम आधार लाभला, त्यांच्या मुलांत ती अरुंद होती.

नमुना लहान आहे. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरीही एका गोष्टीचा निर्देश केल्यावाचून राहवत नाही. असे निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचतात तेव्हा दोष बहुधा आईच्या पदरी पडतो. सुश्रुताचे शरीरविज्ञान आज टिकत नाही. पण त्याने वापरलेला शब्द ‘विमानन’ आहे, आणि अवमान करणारी व्यक्ती ती गर्भिणी नव्हे. ती तिच्या भोवतालची माणसे होत. ब्रिस्टलच्या दातांतील अरुंद रेषाही त्या माणसांचाच हिशेब सांगते.