पांढरी छत्री, हिरवे बीजाणू

वैजापूरकडे पावसात उगवणाऱ्या कुठल्याही छत्रीला मी एकच नाव ऐकत आलो: कुत्र्याची छत्री. म्हणजे हात लावायचा नाही. विदर्भात मात्र वारुळाजवळच्या छत्र्यांना ‘सात्या’ म्हणतात. गोव्यात, कोकणात अळंब्यांची वाट बघतात. जिथे खातात, तिथे नावं वाढतात. ती का लागतात, हे दोन जाती शेजारी ठेवल्या की कळतं.

पहिली टर्मिटोमायसिस हायमी. ही बुरशी वाळवीच जमिनीखाली, अर्धवट पचलेल्या पाल्याच्या लगद्यावर वाढवते. तंजावर भागातल्या वाळवीवर लिहिताना योहान कोनिग यांनी १७७९ मध्येच वारुळातल्या बुरशीची नोंद केली होती. फ्रेंच संशोधक रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये या प्रजातीला नाव दिलं, आणि १९७९ मध्ये के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या या जातीला हाइम यांचं.

दुसरी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. १८१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन झालं. आज उष्ण प्रदेशांत ती सगळीकडे गवतात दिसते. खाल्ली तर काही तासांत उलट्या आणि जुलाब.

वरून पाहिलं तर दोन्ही पांढऱ्या, मध्ये तपकिरी छटा, दोघींच्या देठाला कडं. सुश्रुतसंहितेत छत्र्यांची विभागणी उगवण्याच्या जागेवरून आहे: पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन. त्या हिशेबात या दोन्ही ‘क्षितिज’च ठरतील. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून बीजाणूंचा रंग हा वर्गीकरणाचा मोठा आधार केला. तिथे या दोघी वेगळ्या होतात. टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवली की पहिलीचा ठसा फिकट गुलाबी उमटतो, दुसरीचा हिरवा. कोवळेपणी मात्र दुसरीच्याही पाकळ्या पांढऱ्याच असतात, म्हणून नुसत्या पाकळ्या बघून भागत नाही.

दुसरी खूण मातीत असते. पहिलीच्या देठाला लांब मुळासारखा भाग असतो, तो थेट वारुळापर्यंत जातो. दुसरीला तो नसतो. छत्री वरच्यावर खुडली की हा पुरावा जमिनीतच राहतो.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. फोटोवरून छत्री ओळखणारी ॲप्स मला कुतूहलाची वाटतात, पण फोटो बहुधा टोपीचा असतो आणि फरक टोपीखाली व मातीत. त्यामुळे जाणत्या माणसाने समोर बघून होकार दिला नसेल, तर वैजापूरचं जुनं नावच बरं. ते निदान पोट तरी सांभाळतं.