कॅसेटवरचे खेळ
१९८२ साली इंग्लंडमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक निघाला. १९८८च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन त्याची सुधारित आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने भारतात आणली. स्मृती ४८ किलोबाइट, पडदा घरच्या टीव्हीचा आणि खेळ साध्या कॅसेटवर! मोठा खेळ स्मृतीत उतरायला पाचेक मिनिटे लागत. तोवर जो कर्कश आवाज येई, तीच संगणकाची लिपी: १ची लहर ०च्या लहरीच्या दुप्पट लांब.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाच्या माळ्यावर अशी कॅसेट सापडली, तर ती टाकू नये असे आम्हाला वाटते. फितीवरचा चुंबकीय थर कालांतराने खराब होतो. आवाज वेळीच ध्वनिमुद्रित केला, तर त्यातून खेळ पुन्हा उभा करता येतो. वर्गात त्या लहरी पडद्यावर मोठ्या करून दाखवाव्यात. आखूड-लांब ओळखत मुले ० आणि १ स्वतः वाचतील.